पाखरांच्या गावी कॅमेरा घेऊन



पौष महिना लागला की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. मग बागांतून शेकोट्या पेटतात, विहिरीचे कोमट पाणी वेलींच्या मुळाशी सोडले जाते, आणि घडांना थंडी बाधू नये म्हणून घरची माणसे रात्र जागून काढतात. नेमक्या याच दिवसांत, याच तालुक्यात, हजारो मैलांवरून आलेले पाहुणे उघड्या पाण्यावर मुक्काम ठोकून असतात. त्यांच्याजवळ ना शेकोटी, ना घोंगडी, ना डोक्यावर छप्पर. हे पाहुणे म्हणजे पाणपक्षी. थंडीतला एक दिवस त्यांची छायाचित्रे काढण्यात कसा घालवावा, आणि तो घालवताना आपण त्या पाखरांचे काय देणे लागतो, एवढेच आज मला तुम्हांला सांगायचे आहे.

ठिकाण आहे नांदूर मध्यमेश्वर. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरांवर गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाशी हा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजी अमदानीत, तो बांधला गेला. इथून निघालेल्या कालव्यांनी खालच्या कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला पाणी दिले. पुढे वर्षानुवर्षे दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्याच्या मागे साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये मध्ये बेटे वर आली, काठाने लव्हाळी आणि पाणकणीस माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटाच. पण ज्या बदकाला डोके पाण्यात घालून तळाचे बी वेचायचे आहे, ज्या करकोच्याला गुडघाभर पाण्यात उभे राहून गोगलगाय शोधायची आहे, त्याला असे उथळ पाणीच हवे असते. दोनशेहून अधिक जातींच्या पाखरांची इथे नोंद आहे. १९८६ साली हे अभयारण्य झाले. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत एक करार झाला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातले पहिले नाव लागले ते नांदूर मध्यमेश्वरचे. २०२० च्या जानेवारीत ही बातमी जाहीर झाली.

आता कोणी म्हणेल, इथे माणसे कुडकुडतात, मग पाखरे थंडीतच इथे का येतात? उत्तर सोपे आहे. आपल्याला जी थंडी वाटते, ती त्यांच्या मुलखाच्या मानाने उबच म्हणायची. सायबेरियात, मंगोलियात, तिबेटच्या पठारावर या दिवसांत तळी गोठून दगडासारखी होतात. बर्फाखाली चारा कोंडला जातो. पाखरू थंडी बरीचशी सोसते, उपास मात्र सोसत नाही. म्हणून ते दक्षिणेची वाट धरते. तलवार बदक येते, चमच्यासारख्या चपट्या चोचीचा थापट्या येतो, केशरी अंगाचे चक्रवाक येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंसही येतो. हा हंस हिमालय ओलांडून ये-जा करतो. त्याच्या अंगावर यंत्र बसवून माग काढला, तेव्हा तो ७,००० मीटरांहूनही उंच उडाल्याची नोंद मिळाली. तेवढ्या उंचीवर माणसाला चार पावले टाकतानाही धाप लागते.

इथे आल्यावर तो ऊब कशी राखतो? आपल्या घरची गोधडी आठवा. गोधडी उबदार असते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. पाखरू पिसे फुलवून अशीच हवा अंगाशी कोंडते. शेपटीच्या मुळाशी त्याची तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल घेऊन पिसांना चोळत बसते, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पाय उघडे असतात, पण त्यांचीही सोय आहे. पायाकडे उतरणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि पायाकडून वर येणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्या एकमेकींना लगटून जातात. खाली जाणारे रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. पाय थंड राहतात, पण पोटातली ऊब पाण्यात वाया जात नाही. त्यातून एक पाय पिसांत ओढून घेतला आणि चोच पाठीत खुपसली, की उघडे अंग आणखी कमी होते. शिक्षक मित्रहो, वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

पण हे सगळे पाखरू निवांत असेल तेव्हा. ते उडाले की गोधडी उघडली आणि चुलीत दुप्पट-चौपट लाकडे घातली, असे समजा. उडायला विसाव्यापेक्षा कितीतरी पट अधिक शक्ती लागते. ती येते अंगावरच्या चरबीतून. आणि ही चरबी म्हणजेच फाल्गुन-चैत्रात परत जायच्या प्रवासाची शिदोरी. ती इथल्या चाऱ्यावरच जमवायची असते. शेतकऱ्याला हा जमाखर्च समजावून सांगायला नको. कणगीतले धान्य पेरणीपर्यंत पुरवायचे असेल, तर मध्येच कोणी उगाच पायली पायली काढून नेलेली चालत नाही.

एवढे ध्यानात घेऊन आता पाण्याकडे जाऊ. जानेवारीतल्या एका दिवसाची हकिकत सांगतो.

चापडगावला पोहोचलो तेव्हा अजून अंधार होता. बरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. वनखात्याच्या चौकीवर नोंद केली आणि काठाने निघालो. अंगात मातकट रंगाचे कपडे, कानाला मफलर, खांद्यावर लांब भिंगाचा कॅमेरा आणि हातात गव्हाने अर्धी भरलेली कापडी पिशवी. पिशवी पाहून वाटाड्या हसला. "सर, पाखरांना दाणे टाकायचे नाहीत हं," म्हणाला. दाणे टाकायचे नव्हतेच. ती पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर भिंग टेकले की कॅमेरा हलत नाही, आणि आपणही जमिनीशी लवून पाखराच्या डोळ्याच्या पातळीवर येतो. उभ्याने वरून काढलेल्या चित्रात बदक पाण्यावर ठेवलेल्या खेळण्यासारखे दिसते. खालून काढले की ते आपल्या जगात वावरणारे वाटते.

फटफटले तसे पाण्यावर धुके दिसू लागले. हवा गार, पाणी तिच्या मानाने कोमट, म्हणून पाण्यातून वाफ निघते आणि वर येताच धुके होते. त्या धुक्यात आधी आवाज ऐकू आले. टिटवी ओरडली. पाणकोंबड्या लव्हाळ्यात कुरकुरल्या. मग काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी एकामागून एक बाहेर पडले, जणू दिंडीच निघाली. पलीकडे हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, मुळाशी दोन तांबडे. ज्या कोणी ही नावे पहिल्यांदा ठेवली, त्यांच्याजवळ ना दुर्बीण होती, ना कॅमेरा. पण नजर केवढी बारीक होती, पाहा!

सूर्य वर आला. तो पाठीशी राहील अशी जागा आधीच धरली होती. सकाळचा पहिला तास-दीड तास उजेड कोवळा असतो, पिसन् पीस दिसते. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी घ्यावा, नाहीतर पिसांच्या जागी नुसता चुन्याचा गोळा उमटतो. उडत्या पाखरासाठी कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर मिटायला हवी. हे तंत्र महिन्याभरात शिकता येते. अवघड असते ते बसून राहणे.

आम्ही थोडे पुढे सरकलो, तसा वाटाड्याने माझा दंड धरला. "सर, इथून पुढं नका जाऊ. त्यांनी माना वर केल्यात." पाहिले तर खरेच. मघापर्यंत चरणारी तलवार बदके थांबली होती, माना ताठ झाल्या होत्या, आणि एकेक बदक हळूच पोहत दुसऱ्याला खेटत होते. ही पाखरांची भाषा आहे. चरणे थांबले म्हणजे पहिली सूचना. माना वर झाल्या म्हणजे दुसरी. थवा आवळून आपल्याकडे पाठ करून सरकू लागला म्हणजे शेवटची. तिच्यापुढे एक पाऊल टाकले की थवा उडालाच. आम्ही चार पावले मागे आलो आणि बांधाच्या आडोशाला बसलो. दहा मिनिटांत माना खाली गेल्या आणि बदके पुन्हा चरू लागली.

नऊच्या सुमारास काठावर एक मोटार थांबली. चार-पाच मंडळी उतरली, हातात मोठमोठे कॅमेरे. थोडा वेळ त्यांनी बसल्या पाखरांची चित्रे काढली. मग एकाने जोराने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याने ढेकूळ भिरकावले, आणि सबंध थवा एकदम वर उठला. शेकडो पंखांचा आवाज झाला. देखावा सुंदर होता, यात वाद नाही. कॅमेरे खटखटले, मंडळी खूश होऊन गाडीत बसली आणि निघून गेली. मी घड्याळ लावले. चक्रवाकांची जोडी पुन्हा पाण्यावर उतरायला वीस मिनिटे लागली. तलवार बदके दोन-तीन घिरट्या घालून दूर निघून गेली, ती दुपारपर्यंत त्या जागी आली नाहीत.

वाटाड्या म्हणाला, "सर, प्रत्येक जण एकदाच उडवतो. पण पाखरांना दिवसातून दहादा उडावं लागतं."

श्रोतेहो, सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आला. टाळी वाजवणारा माणूस दुष्ट नव्हता. पाखरांची आवड नसती तर तो इतक्या थंडीत आला नसता. पण त्याचा हिशेब एका चित्राचा, आणि पाखराचा हिशेब अख्ख्या दिवसाचा. पौषातला दिवस इथे जेमतेम अकरा तासांचा. धोबी पक्ष्यासारखे लहान पाखरू दिवसा जमवलेली चरबी रात्रीच्या थंडीत जाळते आणि सकाळी रिकाम्या पोटी उठते. त्याचा सकाळचा पहिला तास म्हणजे घासाचा तास. तोच आपल्याला छायाचित्रासाठी सर्वांत चांगला वाटतो. दोघांना एकच वेळ हवी असेल, तर पाहुण्याने मागे राहावे आणि घासाच्या धन्याला पुढे होऊ द्यावे, हीच रीत.

मग उडत्या पाखराचे चित्र काढायचेच नाही का? जरूर काढावे. दहाच्या सुमारास लव्हाळ्यावरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी संथ तरंगत आला, आणि सगळे पाणी आपसूक उठले. टिटव्या किंचाळल्या, बदके उडाली, शेकाटे आपले लांब तांबडे पाय मागे सोडून गेले. हे उडणे पाखरांच्या रोजच्या जगण्यातले. आम्ही तयारीत बसलो होतो. टाळी न वाजवता उडता थवा मिळाला.

छायाचित्रकाराने लपावे कसे, याचा एक जुना किस्सा आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशायर भागात रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोन भाऊ होते. रानपाखरांच्या छायाचित्रांचे ते आद्य पुरुषच म्हणायचे. १८९२ साली चेरीने अंडी असलेल्या घरट्याचे चित्र टिपले, आणि १८९५ साली दोघांनी पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी सजलेले पुस्तक काढले. पाखरांच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी काय करावे? बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल केला. एक जण कॅमेरा घेऊन त्या बैलाच्या पोटात शिरायचा आणि भोकातून भिंग बाहेर काढून तासन् तास उभा राहायचा. बैल कुरणात नेहमी असतो, म्हणून पाखरे त्याला भीत नाहीत, हे त्यांनी हेरले होते.

आपल्याकडे कातड्याचा बैल लागत नाही. त्याच दिवशी एक म्हातारे बाबा म्हशी घेऊन पाण्यावर आले. म्हशी पाण्यात शिरल्या, बाबा काठी टेकून उभे राहिले. गायबगळे म्हशींच्या पायांत घुटमळत राहिले, धोबी शेपट्या हलवत दोन हातांवर फिरत राहिले. एकही पाखरू उडाले नाही. बाबांना विचारले, "बाबा, तुम्हांला पाखरं भीत नाहीत?" ते म्हणाले, "कशापायी भ्यावं? मी रोज येतो, रोज इथंच थांबतो, आन् त्यांच्याकडं बघत बी नाही." यातले मर्म छायाचित्रकाराने गाठीला बांधावे. रोजच्या वाटेने जावे, एका जागी थांबावे, नजर रोखून थेट चालून जाऊ नये. तिरपे जावे, खाली बसावे, आणि पाखराला आपली सवय होऊ द्यावी. चार ठिकाणी धावण्यापेक्षा एका ठिकाणी चार तास बसलेल्याला अधिक मिळते.

ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबची चित्रे अस्पष्ट येतात. तेव्हा कॅमेरा झाकून भाकरी सोडावी. एक सूचना. गारठलेला कॅमेरा एकदम चुलीजवळ किंवा उबदार खोलीत नेऊ नका. थंड पाण्याच्या तांब्यावर दहिवर येते, तसे भिंगावर येते. आधी पिशवीत घट्ट गुंडाळून हळूहळू ऊब लागू द्यावी.

दुपारी बहुतेक बदके झोपलेली असतात. त्यांना आळशी म्हणू नका. पुष्कळ बदके रात्री चरतात, म्हणजे दुपारची झोप ही रात्रपाळी करणाऱ्याची झोप झाली. त्या झोपेचे एक चित्र मला त्या दिवशी मिळाले. थव्याच्या कडेला बदक चोच पाठीत खुपसून बसले होते. साध्या डोळ्यांना ते गाढ झोपलेले वाटत होते. चित्र मोठे करून पाहिले, तर त्याचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा होता. रानबदकांवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले, की कडेचे बदक अर्धा मेंदू झोपवते, अर्धा जागा ठेवते, आणि उघडा डोळा थव्याच्या बाहेर लावते. राखणीला बसलेला माळेकरीच जणू. पाखरे उडवली असती, तर हे दिसले असते का? उडता थवा शंभर जणांजवळ असतो. पाखराचे खरे जगणे मात्र त्याच्याजवळच येते, ज्याला पाखरू विसरून गेलेले असते.

संध्याकाळी पट्टकदंब ओळी धरून शेतांकडे निघाले. इथे शेतकरी बंधूंचे गाऱ्हाणे खरे आहे. हे हंस गव्हा-हरभऱ्याचे कोवळे कोंभ खुडतात. आपल्या पिकावरून पाखरू हाकलणे हा राखणदाराचा हक्कच आहे. पण शेतातून उठलेल्या पाखराला टेकायला पाण्याखेरीज दुसरी जागा नाही. पाण्यावर हौसेखातर उठवले, तर ते पुन्हा शेतातच उतरणार. म्हणजे पाण्यावर पाखरांना शांतता मिळण्यात शेतकऱ्याचेही हित आहे.

शिक्षकांना दोन शब्द. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. त्या आठवड्यात, किंवा पुढे थंडीत, मुलांना गावच्या तळ्यावर न्या. नांदूरलाच जायला हवे असे नाही. प्रत्येक मुलाला एकच पाखरू नेमून द्या. दहा मिनिटे त्याच्याकडे पाहायचे आणि दर मिनिटाला वहीत खूण करायची: चरते, झोपते, पिसे साफ करते, की मान वर करते. कोणाजवळ मोबाइल असेल तर दुर्बिणीच्या भिंगाला लावून चित्र काढता येते. चित्राखाली तारीख, वेळ, जागा लिहायला लावा. पायात कडे किंवा गळ्यात पट्टा असलेले पाखरू दिसले, तर त्यावरची अक्षरे व आकडे टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात गळपट्टा घातलेले हंस भारतात ओळखता आले ते अशाच नोंदींवरून. घरट्याजवळ मात्र मुलांना नेऊ नका, आणि पाखरांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू देऊ नका.

परतताना मुलांना दोनच प्रश्न विचारा. तुमचे पाखरू काय करीत होते? आणि तुम्ही निघालात, तेव्हाही ते तेच करीत होते का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या मुलाचे चित्र थोडे अस्पष्ट असले, तरी वर्गाच्या भिंतीवर पहिल्यांदा तेच लावा.